सिरॅमिकची कोळशाची शेगडी घ्यावी का?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, टेक्सासमध्ये राहतो. अंगणासाठी कामाडो पद्धतीची, म्हणजे जाड भिंतींची, अंड्याच्या आकाराची आणि झाकणाची सिरॅमिक शेगडी घ्यायची आहे. पण साध्या पत्र्याच्या शेगडीच्या कित्येक पट किंमत देणे योग्य ठरेल का?

उत्तर : आपण दर आठवड्याला भाजणार असाल आणि मांस आठ-दहा तास मंद आचेवर शिजवण्याची हौस असेल, तर जरूर घ्यावी. जाड भिंती उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे हवेची खालची आणि वरची झडप बोटभर उघडी ठेवली तरी मूठ-दोन मूठ कोळसा अधूनमधून टाकत न बसता ११० अंश सेल्सिअसची आच तासन्‌तास टिकते. त्याच शेगडीत ३५० अंशांवर पिझ्झाही भाजता येतो. मात्र तापमान एकदा चढले की लवकर उतरत नाही, म्हणून झडपा आधीच आवळाव्यात. कोळसा लाकडाचा, अखंड तुकड्यांचा वापरावा, आणि पेटवण्याचे द्रव कधीही ओतू नये, कारण त्याचा वास सिरॅमिकमध्ये मुरतो. तापलेले झाकण एकदम उघडल्यास ज्वाळा तोंडावर येते. आधी दोन-तीन वेळा किंचित उचलावे. ही शेगडी जड असते आणि आपटल्यास तडकते, तेव्हा वारंवार घर बदलणाऱ्यांनी साधी झाकणाची शेगडीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खरेदीपूर्वी सिरॅमिकच्या हमीची मुदत आणि बिजागरीची मजबुती अवश्य तपासावी.