पिसारोची 'बर्जेर': धनगरीण म्हणावं का?

एकोणिसाव्या शतकातला चित्रकार कामीय पिसारो याच्या चित्रांवर मराठीत लिहिताना 'बर्जेर' (मेंढरं राखणारी) या फ्रेंच शीर्षकासाठी 'धनगरीण' चालेल का, असा प्रश्न आला आहे. माझं मत: नको. धनगर हे आपल्याकडे समाजाचं नाव आहे. फ्रान्समधल्या शेतकऱ्याच्या पोरीला ते चिकटवलं की वाचणाऱ्यापुढे घोंगडी, वाडा आणि बिरोबा उभा राहतो. 'गवळण' तर त्याहून वाईट, तिच्या मागोमाग कृष्ण येतोच. (फ्रेंचांनाही हा त्रास होताच म्हणा. अठराव्या शतकातल्या त्यांच्या चित्रांत बर्जेर म्हणजे रेशमी झग्यातली, फितीबिती बांधलेली नाजूक बाई. पिसारोने तिला गवतात बसवलं.)

बर्जेर म्हणजे मेंढरं राखणारी. गाईंसाठी शब्द वेगळा: वाशेर, किंवा 'गार्दझ द वाश', म्हणजे सरळ 'गाई राखणारी'. आपला 'गुराखी'ही तसाच बनलाय. तेव्हा गाईंच्या चित्रांना 'गुराखीण' बिनदिक्कत वापरा. गुरांत मेंढरं मात्र धरत नाहीत, म्हणून १८८६ च्या चित्रात मेंढरं घेऊन परतणारी जी मुलगी आहे, तिला 'गुराखीण' म्हणता येणार नाही. 'मेंढपाळ' अचूक आहे, पण त्याला सरकारी योजनेचा वास येतो. शिवाय 'मेंढपाळीण' बोलतं कोण? तिथे 'मेंढरं घरी आणणारी मुलगी' असं सरळ लिहावं.

खरी गोम १८८१ च्या चित्रात आहे. ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. त्यालाही 'बर्जेर' म्हणतात, पण चित्रात मेंढरू औषधालासुद्धा नाही! उतारावर बसलेली मुलगी, नजर खाली, हातातल्या बारीक काडीशी चाळा चाललेला. तिचा धंदा कळतो तो त्या काडीवरूनच. चित्राचं दुसरं नावही 'बगेत घेतलेली मुलगी' असंच आहे. हे 'बगेत' म्हणजे फ्रेंचमध्ये बारीक छडी. तो लांबुडका पावही त्याच नावाचा. इथे 'काठी' लिहू नका, काठी टेकायची किंवा खांद्यावर टाकायची. ढोरांमागे हिंडणाऱ्या पोरांच्या हातात असते ती शिपटी, काही भागांत फोक. मी 'शिपटी घेतलेली मुलगी' असंच लिहीन.

आणि चित्रांखालच्या ओळी लिहिताना एवढं सांभाळा: गाई चरतात, मुलगी चारते. 'कुरणात गाई चारताना' असं लिहिलंत तर त्या गाई दुसऱ्याच कुणाला तरी चारत बसतील.