विसावा देणाऱ्याची तयारी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. घरच्या रुग्णाची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्यांना काही तासांची उसंत मिळावी म्हणून तू त्यांच्या जागी थांबण्याचे काम स्वीकारलेस, हे वाचून फार समाधान वाटले. रुग्ण तुझ्या हाती सोपवलेला असला, तरी ही सेवा दोघांची आहे. सांभाळणारी व्यक्ती घराबाहेर पडूनही मनाने त्याच खाटेपाशी अडकून राहिली, तर तिला विसावा मिळाला असे म्हणता येणार नाही. म्हणून तिला निर्धास्तपणे निघता यावे, हेच तुझ्या सगळ्या तयारीचे उद्दिष्ट असू दे.

ही उसंत म्हणजे चैन नव्हे. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजारी जोडीदाराची सेवा करताना ताण सोसणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतील मृत्यूचा धोका, अशी जबाबदारी नसलेल्या वृद्धांच्या तुलनेत ६३ टक्क्यांनी अधिक आढळला होता. तरीही ही माणसे थकल्याचे सहसा बोलून दाखवत नाहीत. रुग्णाला दुसऱ्यावर सोडून जाणे त्यांना अपराधासारखे वाटते.

पहिली भेट ती व्यक्ती घरात असतानाच ठरव, आणि त्या दिवशी काहीही शिकवायला जाऊ नकोस. कूस बदलताना उशी नेमकी कुठे सारतात, घास केवढा करतात, तो गिळला गेल्याची खात्री कशी करून घेतात, हे बारकाईने पाहा. पक्षाघाताच्या रुग्णाला लुळ्या हाताला धरून ओढायचे नाही, जेवण बसवूनच भरवायचे आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवे करायचे नाही, हे तुला प्रशिक्षणात सांगितले असेलच. परंतु या आजोबांचा डावा कान बरा आहे, मागून हाक मारली की ते दचकतात आणि दचकले की जेवण नाकारतात, हे त्या घरातच कळते. स्मृतिभ्रंशाचे अनेक रुग्ण संध्याकाळी अस्वस्थ होतात, स्वतःच्याच घरात "मला घरी जायचंय" म्हणत दाराशी येतात. तेव्हा वाद घालून उपयोग होत नाही. घरची माणसे अशा वेळी कोणता विषय काढतात, ते आधीच विचारून ठेव.

फोन केव्हा करायचा आणि केव्हा नाही, हेही आधी ठरवून घे. रुग्ण पडला, श्वास लागला, बोलणे अचानक अडखळू लागले, तर आधी रुग्णवाहिका बोलवायची आणि मग घरच्यांना कळवायचे. चादर कुठे आहे हे विचारण्यासाठी मात्र फोन करू नकोस.

ती व्यक्ती परतल्यावर काय खाल्ले, किती पाणी गेले, कातडीवर कुठे लाली दिसली, हे सगळे सांग आणि काही बिनसले असेल तर तेही लपवू नकोस. मात्र "माझ्यापाशी अगदी शांत होते हो" असे कौतुकानेही बोलू नकोस. रात्रभर त्यांचा त्रागा सोसलेल्या माणसाला ते वाक्य फार लागते. तो वेळ कुठे घालवला, हेही विचारू नये. पुष्कळ जण नुसते झोपून घेतात, आणि तेच त्यांना हवे असते.

आपल्याकडे मदत मागितली जाते ती बहुधा माणूस कोलमडायच्या बेतात आल्यावर, हे मला मनापासून खटकते. म्हणून अधूनमधून मिळणाऱ्या पूर्ण दिवसापेक्षा दर आठवड्याचे ठरलेले तीन तास मला अधिक मोलाचे वाटतात, कारण त्यांच्या भरवशावर आपली डॉक्टरांची भेटही ठरवता येते. निघण्यापूर्वी पुढचा वार आणि वेळ पक्की करून त्यांच्या दिनदर्शिकेवर लिहून ये.

तुझी,
मावशी