वीज, बंदर, पाणी आणि सायबर दहशतवाद: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (कळवा): १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली. तो सायबर हल्ला होता, असे आजही ऐकू येते. खरे काय?

उत्तर: त्या दिवसाचा संबंध आपल्या कळव्याशीच आहे. कळवा-पडघा ४०० किलोव्होल्ट वाहिनीचे एक सर्किट देखभालीसाठी बंद होते आणि सगळा भार घेतलेले दुसरे सर्किटही बंद पडले, असे राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनी तेव्हा सांगितले होते. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा आधार देऊन घातपाताची शक्यता मांडली, तर केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक हेच कारण असल्याचे सांगितले. मला दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते. प्रत्येक बिघाडावर हल्ल्याचा शिक्का मारला, की देखभालीतल्या उणिवांची चौकशी मागे पडते, आणि याच उणिवा खऱ्या हल्लेखोराच्या पथ्यावर पडतात.

भीती मात्र निराधार नाही. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील वीज कंपन्यांच्या नियंत्रण कक्षात कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला, एकामागून एक ब्रेकर पडत गेले आणि सुमारे २ लाख २५ हजार ग्राहक अंधारात गेले. हल्लेखोर शिरले होते ते काही महिन्यांपूर्वी ईमेलला जोडून आलेल्या साध्या फाइलमधून. काही तासांत वीज परत आली, कारण कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन ब्रेकर हाताने चालू केले.

प्रश्न (नेरुळ): माझे पती न्हावाशेवा येथे कस्टम क्लिअरिंगचे काम करतात. २०१७ मध्ये तिथले एक टर्मिनल व्हायरसमुळे ठप्प झाले होते. आपल्या बंदरावर कोणाचा रोष होता?

उत्तर: कोणाचाही नव्हता, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. २७ जून २०१७ रोजी ‘नोटपेट्या’ हा व्हायरस युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे त्यात सापडले आणि त्याच समूहाचे न्हावाशेव्यातील टर्मिनलही अडकले. कंटेनर यार्डात समोर उभे दिसतात, पण कोणत्या रांगेतला कोणता कंटेनर कोणाचा, हे संगणकाला विचारल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे क्रेन धडधाकट असूनही काम अडते. अमेरिका आणि ब्रिटन यांनी २०१८ मध्ये या हल्ल्यासाठी रशियन लष्कराला जबाबदार धरले.

प्रश्न (वाशी): अशा गुन्ह्याला आपल्याकडे शिक्षा काय?

उत्तर: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ फ नुसार सायबर दहशतवादाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला, म्हणजे सायबर घटनांसाठीच्या केंद्र सरकारच्या यंत्रणेला, कळवणे संस्थांवर बंधनकारक आहे.

प्रश्न (घणसोली): मी पाण्याच्या पंपहाउसवर कंत्राटी ऑपरेटर आहे. आमचे साहेब घरून मोबाइलवरून पंप चालू-बंद करतात. यात धोका आहे का?

उत्तर: आहे, आणि आपण तो विचारलात याचे मला मनापासून कौतुक वाटते. एका पंपहाउसमध्ये पॅनेलच्या दारावर चिकटपट्टीने लावलेला पासवर्ड मी स्वतः पाहिला आहे. तिथे येणारा प्रत्येक वायरमन तो वाचत असे. २०२१ मध्ये अमेरिकेतील कोलोनियल ही इंधनवाहिनी बंद ठेवावी लागली, त्या हल्ल्याची सुरुवात ओटीपीसारखी दुसरी खातरजमा नसलेल्या एका खात्याच्या पासवर्डापासून झाली होती. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खाते आणि ओटीपी द्यावा, अशी लेखी मागणी साहेबांकडे करा. स्काडाच्या, म्हणजे पंपांवर दुरून नजर आणि ताबा ठेवणाऱ्या प्रणालीच्या, संगणकाला पेनड्राइव्ह लावू देऊ नका, मोबाइल चार्जिंगलाही नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे पडद्यावरच्या आकड्यांवर विसंबू नका. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या व्हायरसने इराणच्या नतांझ येथील अणुकेंद्रातील यंत्रे बिघडवली, तेव्हा पडद्यावर सारे सुरळीत दिसत होते. दर पाळीत टाकीवरची पातळीपट्टी स्वतः पाहून आकडा नोंदवहीत लिहा, आणि महिन्यातून एकदा पॅनेलवरचा स्विच ‘लोकल’वर घेऊन पंप हाताने चालवून बघा.