वाचकांचे प्रश्न : रिंगमधला आठ किलोंचा फरक

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा असून दोन वर्षांपासून बॉक्सिंग शिकतो. त्याचे वजन 52 किलो आहे. आमच्याकडे त्याच्या वजनाचा दुसरा मुलगा नसल्याने यात्रेतील प्रदर्शनीय लढतीत त्याला 60 किलोच्या मुलासमोर उभे करण्याचे घाटत आहे. ‘चपळ खेळाडूला वजनाची भीती नसते’ असे प्रशिक्षक म्हणतात आणि जॅक डेम्प्सी व डेव्हिड हे या हेवीवेट बॉक्सरांचे दाखले देतात. शिवाय पुढच्या स्पर्धेत त्याने 50 किलोच्या गटात उतरावे, दोन किलो तर दोन दिवसांत घामावाटे जातात, असेही त्यांचे मत आहे. मी काय करावे?
— एक पालक, चोपडा तालुका

उत्तर : दोन्ही गोष्टींना आपण नकार द्यावा, आणि तो प्रशिक्षकांशी समोरासमोर बसून, शांतपणे द्यावा.

त्यांनी दिलेले दाखले खरे आहेत. 4 जुलै 1919 रोजी अमेरिकेतील टोलेडो येथे 187 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 85 किलोंच्या डेम्प्सीने 245 पौंडांच्या जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले. 2009 मध्ये न्यूरेंबर्ग येथे डेव्हिड हे याने सात फूट उंचीच्या आणि 316 पौंड, म्हणजे सुमारे 143 किलो वजनाच्या निकोलाय व्हॅल्युएव्हला गुणांवर हरवले. परंतु डेव्हिड हे याचे स्वतःचे वजनही 99 किलोंच्या आसपास होते, हे सांगायचे राहून जाते. पूर्ण वाढ झालेल्या, 85-90 किलोंच्या कसलेल्या माणसाच्या ठोशात कोणालाही आडवे करण्याइतकी ताकद असते, म्हणूनच सर्वांत वरच्या गटाला वजनाची कमाल मर्यादा ठेवलेली नाही. हा न्याय सोळा वर्षांच्या मुलाला लावता येत नाही. त्याच्या वयाच्या मुलांसाठी 50, 52, 54, 57, 60 असे दोन-तीन किलोंच्या अंतराने गट पाडलेले आहेत, ते या वयात हाडे आणि मान अजून भरत असतात म्हणूनच. आपला मुलगा आणि तो दुसरा मुलगा यांच्यात तीन गटांचे अंतर आहे, आणि आठ किलो म्हणजे आपल्या मुलाच्या वजनाच्या सातव्या हिश्शाहूनही जास्त होतात.

हा भार नेमका कुठे जाणवतो, ते मी एका सराव लढतीत अगदी दोरांपाशी उभे राहून पाहिले आहे. हलक्या मुलाने एकही ठोसा उघड्या चेहऱ्यावर घेतला नाही, सगळे गार्डवर, म्हणजे चेहऱ्यापुढे धरलेल्या हातांवर झेलले. तरीही प्रत्येक ठोशासरशी त्याचेच ग्लोव्हज त्याच्या गालांवर आदळत होते, आणि क्लिंचमध्ये, म्हणजे दोघे एकमेकांना बिलगून धरतात तेव्हा, समोरचा मुलगा नुसता रेलला तरी याची मान वाकत होती. तिसऱ्या फेरीत त्याचे कोपर खाली आले. लढत संपल्यावर दोन्ही गालफडांवर लाल वळ उठलेले होते आणि पाण्याची बाटली त्याला धड धरता येत नव्हती. त्याची चपळाई पहिल्या फेरीत होती तितकी तिसऱ्या फेरीत उरली नव्हती, आणि जड प्रतिस्पर्धी नेमका तेवढाच वेळ थांबतो.

आता घामाने वजन उतरवण्याविषयी. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी होते, त्यामुळे काट्यावरचा आकडा आणि रिंगमध्ये उतरणारे शरीर यांत मोठी तफावत पडू शकते. 26 फेब्रुवारी 2000 रोजी न्यूयॉर्कमध्ये आर्तुरो गॅटी आणि जोई गमाश यांची लढत 141 पौंडांच्या मर्यादेने ठरली होती. प्रत्यक्ष लढतीच्या वेळी गॅटी 160 पौंडांच्या घरात होता, तर गमाश 145 च्या. गमाश दुसऱ्या फेरीत कोसळला, त्याच्या मेंदूला इजा झाली आणि तो पुन्हा कधीही लढला नाही. हौशी स्पर्धांत वजन लढतीच्या दिवशी सकाळी होते, म्हणजे गमावलेले पाणी भरून काढायला मुलाला पुरेसा वेळही मिळत नाही. आपल्याकडे जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. अशा उन्हात जाकीट घालून धावणारी, तोंडाला कोरड पडलेली असतानाही थुंकी टाकत राहणारी मुले मी पाहिली आहेत, आणि ते पाहून प्रत्येक वेळी जीव कळवळला आहे. ही पद्धत उष्माघाताला आमंत्रण देणारी आहे, आणि अशा कोरड्या अवस्थेत डोक्यावर मार बसणे अधिकच धोक्याचे असते.

मेरी कोमचे उदाहरण मुलाला जरूर सांगा. 46 आणि 48 किलोंच्या गटांत जगज्जेती ठरलेली ही खेळाडू 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 51 किलोंच्या गटात उतरली, कारण महिलांसाठी त्याहून खालचा गटच नव्हता. त्यासाठी तिने वजन आणि ताकद दोन्ही वाढवली, आपल्याहून थोराड मुलींशी लढली आणि कांस्यपदक आणले. आपल्या मुलाचे वजन या वयात वाढणारच आहे. ते वाढू द्यावे आणि 52 किंवा 54 च्या गटात पोटभर जेवून, पाणी पिऊन उतरू द्यावे.

जोडीदार नसल्याची अडचण खरी आहे. सरावात 60 किलोंच्या मुलाबरोबर उतरणे पूर्णपणे वर्ज्य नाही. मात्र दोघांनाही 16 औंसांचे ग्लोव्हज आणि हेडगार्ड असावे, जड मुलाने डोक्यावर मारू नये, आणि प्रशिक्षकांनी स्वतः रिंगमध्ये उभे राहावे. यात्रेत हे पाळले जाणार नाही. भोवती गर्दी जमली, आरडाओरड सुरू झाली की हात राखून खेळणे सोळा वर्षांच्या मुलांना जमत नाही.

प्रश्न : आमच्या यात्रेतील कुस्त्यांच्या दंगलीत कोणी वजनकाटा आणत नाही. मग बॉक्सिंगमध्येच एवढा काटेकोरपणा का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : कुस्तीत डोक्यावर प्रहार नसतो आणि पाठ टेकली की कुस्ती संपते, हा मोठा फरक आहे. स्पर्धेच्या कुस्तीत मात्र वजनगट असतातच. खाशाबा जाधव यांचे 1952 चे हेलसिंकीतील कांस्यपदक 57 किलोंच्या गटातले आहे. दंगलीतही वजन पाहिले जात नाही असे नाही. जोड लावणारा जाणता माणूस दोन्ही पोरांना शेजारी उभे करून मनगट, मान आणि मांडी न्याहाळतो, आणि जोड विजोड वाटली तर हातात दिलेला हात सोडवून दुसरा पोरगा पुढे बोलावतो.