माणसाचा मेंदू जरा बाजूला ठेव

अनेक आशीर्वाद.

पीएचडीचा प्रस्ताव वाचला. भाषा छान जमलीय. पण स्मृती, भावना आणि अल्झायमर या सगळ्यांचा निकाल तू पाच वर्षांत लावणार, हे वाचून हसू आलं. रागावू नकोस. स्मृतीवर संशोधन करणारे एरिक कँडेलही 1955 साली न्यूयॉर्कला मेंदूशास्त्रज्ञ हॅरी ग्रुंडफेस्ट यांच्याकडे असेच गेले होते. फ्रॉइडने कल्पिलेले मनाचे तीन भाग, इड, ईगो, सुपरईगो, मेंदूत कुठे बसतात ते त्यांना शोधायचं होतं. ग्रुंडफेस्टनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, आधी एकेक पेशी बघायला शीक.

पुढे कँडेलनी हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागातल्या पेशींचे विद्युतसंकेत नोंदवले, पण तेवढ्यावरून स्मृतीचा थांग लागेना. मग त्यांनी ॲप्लिसिया हा गोगलगायीच्या जातकुळीतला समुद्री प्राणी धरला आणि तो समजून घ्यायला 1962 मध्ये पॅरिस गाठलं. अनेक ज्येष्ठांनी त्यांना वेड्यात काढलं. पण माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी असतात, याच्याकडे जेमतेम 20 हजार. त्यातल्या काही तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात!

याच्या सायफनला (पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीला) हलका स्पर्श केला की तो कल्ला आत ओढतो. शेपटीला विजेचा झटका बसलेला असेल, तर तोच स्पर्श झाल्यावर कल्ला कितीतरी जोरात आत जातो. एका झटक्याचा हा परिणाम थोडाच वेळ टिकतो. थांबत थांबत अनेक झटके दिले, तर कित्येक दिवस.

यानंतरचा प्रयोग मला सर्वांत देखणा वाटतो. एक संवेदी (स्पर्श टिपणारी) आणि एक प्रेरक (स्नायू हलवणारी) चेतापेशी बशीत वाढवायची आणि झटक्याऐवजी सेरोटोनिन, म्हणजे झटका बसल्यावर प्राण्याच्या चेतासंस्थेत सुटणारं रसायन, सोडायचं. एकदा सोडलं तर त्यांची जोडणी काही मिनिटं बळकट होते. अंतर ठेवून पाचदा सोडलं, तर दुसऱ्या दिवशीही बळकटच असते. आता प्रथिननिर्मिती थांबवणारं औषध घाल. अल्पकाळची बळकटी तशीच राहते, दीर्घकाळची उमटतच नाही. म्हणजे तात्पुरतं काम पेशीतल्या आहे त्या प्रथिनांवर भागतं, पण टिकवायचं तर जनुकांपर्यंत जावं लागतं. सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, पीकेए हे एन्झाइम केंद्रकात शिरतं, जनुकं चालू करणाऱ्या क्रेब या प्रथिनाला चालू करतं आणि शेवटी नव्या जोडण्या फुटतात. (आदल्या रात्रीच्या घोकंपट्टीवर अजून विश्वास असेल, तर हा परिच्छेद पुन्हा वाच.)

तिकडे कॅल्टेक या अमेरिकी विद्यापीठात सीमोर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत ‘डन्स’ ही शिकलेलं न टिकवणारी फळमाशी सापडली. तिच्यातला बिघाड निघाला सायक्लिक एएमपी मोडणाऱ्या एन्झाइमचा. प्राणी वेगळा, पण रेणूंची साखळी तीच. कँडेलना 2000 सालचं नोबेल मिळालं खरं, पण त्यांच्या कामावर माझा भरवसा बसला तो या जुळणीमुळे.

तेव्हा उंदीरच हवा हा हट्ट सोड. आपल्याकडे माश्या आहेत, दहा-बारा दिवसांत नवी पिढी हाताशी येते. मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) ओबेद सिद्दिकींनी माशीच्या वास ओळखण्यावर केलेलं काम आधी वाच. मग प्रस्तावाच्या शीर्षकातला ‘मानवी’ शब्द खोड आणि कोणत्या पेशीतला कोणता रेणू पाहणार, तेवढं चार ओळींत लिही.

आणि हो, प्रथिननिर्मिती थांबवल्यावर माशी विसरली की नुसती आजारी पडली, हे कसं ओळखणार? त्यासाठीचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा प्रयोग, प्रस्तावात कुठेच नाही. समितीतला पहिला प्रश्न तोच येईल. सुधारलेला मसुदा शुक्रवारपर्यंत पाठव.

— मॅडम