पहिल्या फेरीचा हिशेब

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यातील एका गावात राहते आणि अकरावीत शिकते. शालेय स्पर्धेत ८०० मीटर धावण्यात मी जिल्ह्यात पहिली आले. विभागीय स्पर्धेत मात्र पहिली फेरी सर्वांच्या पुढे राहून ६८ सेकंदांत पूर्ण केली, दुसरीला ८४ सेकंद लागले आणि मी सहावी आले. आमच्या मैदानावर २०० मीटरचीच आखणी आहे; सिंथेटिक ट्रॅकवर मी प्रथमच धावले. त्यानंतर पंधरा दिवस मैदानावर गेलेले नाही. आजोबा म्हणतात, ‘आते पुरं व्हयनं, अभ्यास कर.’ माझ्यात कुवत नाही असे समजून धावणे सोडावे का?
– एक वाचक, जिल्हा धुळे

उत्तर : तू दोन्ही फेऱ्यांच्या वेळा कळवल्यास, हे फार चांगले केलेस, कारण तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्या दोन आकड्यांतच आहे. केनियाचा धावपटू डेव्हिड रुडिशा याने २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरचा १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचीही दुसरी फेरी मंदच होती, पण अडीच सेकंदांहून कमी फरकाने; तुझा फरक सोळा सेकंदांचा आहे. आरंभीच आवाक्याबाहेरचा वेग घेतला, की स्नायूंची गरज प्राणवायूच्या पुरवठ्यावर भागत नाही, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये पाय जड होतात आणि कितीही जिद्द असली तरी ते उचलत नाहीत. याला मी कुवतीची उणीव म्हणणार नाही. चार फेऱ्यांची सवय असलेल्या मुलीचा दोन लांब फेऱ्यांच्या ट्रॅकवर, तोही प्रथमच, वेगाचा अंदाज चुकला.

खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गेले, तेव्हा मातीत घडलेल्या या मल्लाला मॅटची सवय नव्हती आणि आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. तेही सहावेच आले. पुढची चार वर्षे त्यांनी याच उणिवांवर मेहनत घेतली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते. अशा उदाहरणांनी लगेच मन शांत होत नाही, हे मी जाणते, आणि तुझे ते पंधरा दिवस वाया गेले असेही मला वाटत नाही.

आता कामाचे सांगते. तुझी एकूण वेळ २ मिनिटे ३२ सेकंद, म्हणजे दर २०० मीटरला ३८ सेकंद. आठवड्यातून एकदा २०० मीटरच्या सहा धावा घे, प्रत्येक ३७ ते ३८ सेकंदांत, मध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती. पहिलीच धाव ३४ सेकंदांत झाली तर आनंद मानू नकोस. विभागीय स्पर्धेत तू नेमकी त्याच वेगाने सुटली होतीस. प्रत्येक वेळ वहीत लिही. चैत्र-वैशाखात आपल्याकडचे ऊन पाहता सराव सूर्योदयापूर्वीच उरकावा. हिमोग्लोबिनही एकदा तपासून घे. या वयाच्या मुलींमध्ये ते कमी असणे सर्रास आढळते आणि दम लवकर लागण्याचे तेही एक कारण असते.

आजोबांची काळजी रास्त आहे, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नकोस. सराव पहाटेच्या तासाभरात संपेल आणि संध्याकाळ अभ्यासालाच राहील, असे त्यांना सांग. आणि त्यांची तब्येत साथ देत असेल तर आठवड्यातून त्या एका पहाटे त्यांच्या हाती घड्याळ देऊन त्यांनाच वेळ मोजायला सोबत ने.