पेवाला पातळी लिहिलेली नसते

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी नियमांची यादी वाचली. चौदा नियम, त्यातले अकरा नदीचे. अठ्ठावीस पोरं घेऊन हरिपूरच्या संगमावर जायचं म्हटल्यावर डोळ्यांपुढं नदीच येणार. ते नियम राहू देत. पात्रात कुठं खड्डा आहे ते काठावरून कळत नाही, तेव्हा घोट्याएवढ्या पाण्यातही कुणी उतरायचं नाही, हे लिहिलंस ते बेस केलंस. पण तू विचारलंयस, ‘काका, काही राहिलंय का?’ राहिलंय. ते यादीत बसेना, म्हणून हे पत्र.

मी सहावीत होतो. वार्षिक परीक्षा संपली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं सांगलीहून चालत हरिपूरला निघालो. बरोबर मोठं माणूस कुणी नाही. आतेभाऊ आठवीतला, तो म्होरक्या. आईनं दारातच अडवलं आणि नदीत पाय घालणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. आम्ही ती पाळली बरं का! संगमेश्वराचं दर्शन घेतलं, घाटाच्या वरच्या पायरीवरून कृष्णा-वारणा बघितल्या आणि शहाण्या मुलांसारखे मागं फिरलो. येताना चिंचा पाडत पाडत गावाबाहेरच्या माळावर घुसलो. तिथं हळदीची पेवं होती.

तुम्हा पोरांना ‘क्लासेसचं पेव फुटलंय’ एवढ्यापुरतंच पेव माहीत. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट मोठं, खोली वीस-पंचवीस फूट. आत हळद भरायची, तोंडावर दगड बसवायचा, वरून माती. 2005 च्या महापुरात पाणी शिरून बरीचशी पेवं गेली. आमच्या वेळी माळभर होती.

एका पेवाचा दगड त्या दिवशी सरकवून ठेवलेला होता. आतेभाऊ कडेला बसून आत पाय सोडून बघायला लागला आणि त्याच्या पायातली चप्पल खाली गेली. चप्पल त्याची नव्हती. वडलांची होती, न विचारता घालून आला होता. त्याचा चेहरा मला आजही दिसतो. रडवेला नव्हता गं, हिशेब करणारा होता.

पन्नास पावलांवर चिंचेखाली हमाल भाकरी खात बसले होते. ‘मामा, चप्पल पडली’ एवढं म्हणायचं होतं. आमच्यातला शेजारचा पोरगा तसं बोललासुद्धा. आतेभाऊ म्हणाला, ‘ते ओरडतील, घरी सांगतील,’ आणि तिथंच पडलेला दोर कमरेला गुंडाळायला लागला. शेजारचा ‘नको रे, नको रे’ करत मागं सरकला. आम्ही त्याला भागूबाई म्हणालो. तो पळत सुटला तेव्हा मीच म्हणालो, ‘चाललं बघ चुगली करायला.’

आम्ही दोघांनी दोर धरला. आतेभाऊ उतरला. छाती गेली, खांदे गेले, डोकं गेलं. आतून हळदीचा उग्र, कोंदट वास येत होता. पुरुषभर खाली गेला असेल नसेल, तेवढ्यात काहीतरी बोलला. ते शब्द नव्हतेच, झोपेतलं माणूस बोलावं तसं होतं. आणि दोर एकदम जड झाला. सहावीतली दोन पोरं, हातातून दोर सरकायला लागला, तळवे सोलून निघाले. तेवढ्यात माझ्या डोक्यावरून दोन हात आले आणि त्यांनी दोर धरला. मागोमाग दुसरा हमाल आला. आतेभावाला काखेत धरून बाहेर काढला तेव्हा ओठ काळेनिळे. पालथा पडून ओकला, मग धापा टाकायला लागला.

‘कुनाची रं तुमी?’ म्हातारा हमाल म्हणाला. आता थोबाडीत बसणार असं वाटलं. त्यानं मारलं नाही. भर दुपारी कंदील पेटवला, दोराला बांधला आणि आमच्या देखत पेवात सोडला. ‘बघा.’ तोंडापाशी ज्योत नीट होती. हातभर खाली गेली तशी बारीक झाली. आणखी थोडी खाली, तर वातीवर नुसता लाल ठिपका राहिला आणि तोही गेला. धूर नाही, आवाज नाही. कंदील वर घेऊन त्यानं पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथंच विझला.

सकाळी दगड काढून पेव वारा खायला उघडं ठेवलं होतं. कंदील तळाशी टिकला की मगच त्यांच्यातला एकजण उतरणार होता. बंद पेवात प्राणवायू कमी होतो, कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड म्हणून खाली साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. पडक्या विहिरीत, शोषखड्ड्यात, गोबरगॅसच्या टाकीत हेच होतं. पहिला पडला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. आतेभाऊ तळाला गेला असता तर मीही उतरलो असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

नदीचं कसं, आयर्विन पुलापाशी पातळी मोजतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, अख्खी सांगली तो आकडा विचारत असते. पेवाला असा आकडा नव्हता. आईनं शपथ नदीची घातली, पेवाची कुठून घालणार? तुझ्या यादीत पंधरावा नियम घातलास तरी पोरं सोळावी जागा शोधतील.

म्हणून गाडीत बसल्यावर, नियम वाचायच्या आधी, एवढं सांग: काही पडलं, हरवलं, फुटलं, चुकलं, तर पहिलं मला सांगायचं, मी ओरडणार नाही. आणि मग खरंच ओरडू नकोस. हे अवघड आहे, तुझा स्वभाव मला माहीत आहे. पहिला पोरगा येऊन ‘ताई, डबा नदीत पडला’ म्हणेल तेव्हा बाकीचे सत्तावीस तुझ्या तोंडाकडं बघत असतील. तिथं कपाळाला आठी पडली की दिवसभर तुला कुणी काही सांगणार नाही.

दुसरं, जो पोरगा मागं राहतो, ‘नको’ म्हणतो, त्याच्यापाशी जाऊन उभी राहा. त्याला पुढं ढकलू नकोस. त्याला सगळ्यांच्या आधी काहीतरी दिसलेलं असतं. आमच्या भागूबाईला आम्ही वर्षभर तसंच हाक मारत होतो, लाज वाटते सांगायला.

आणि आदल्या दिवशी एकटी जाऊन ये. तिथल्या माणसांना विचार, इथं पोरांना कशापासून जपायचं? गुगलवर संगम दिसेल, उघडी विहीर दिसणार नाही.

घरी आम्ही काही बोललो नाही. आतेभावानं चपलेसाठी मार खाल्ला आणि नदीत वाहून गेली म्हणून सांगितलं. नदीला पाय लावला म्हणून आणखी दोन बसल्या. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती सत्तरीत होती. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ‘त्या म्हाताऱ्याला तुम्ही नाव तरी विचारलंत का रे?’

नव्हतं विचारलं.

रविवारी किती वाजता निघताय ते कळव. मीही येतो, मागच्या सीटवर बसेन. चिंचा पाडू दे पोरांना, तिखटमिठाची पुडी मी आणतो.

तुझा,
काका